ग्रब रेस्क्यू: पार्टिशन उडवलं आणि लिनक्स उठेना

आजच्या भागात एक गोष्ट आहे आणि एक कबुली. गोष्ट महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी मार्कंड्याला बंद पडलेल्या लॅपटॉपची. आणि कबुली अशी, की तो लॅपटॉप माझ्याच सल्ल्यामुळे बंद पडला.

ज्यांनी मार्कंडा पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गडचिरोली जिल्हा, चामोर्शी तालुका, वैनगंगेच्या काठावरचं गाव. दक्षिणेकडे जाणारी नदी इथं वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून या घाटावरच्या अंघोळीला मान आहे. काठावर कोरीव दगडी देवळांचा समूह आहे, त्याला लोक विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. माझा मामेभाऊ दरवर्षी त्या जत्रेत फोटोचं दुकान लावतो. एक लॅपटॉप, एक फोटो प्रिंटर, मागं पडदा. फोटो काढला की पाच मिनिटांत हातात. वर्षभरातली त्याची ही मोठी कमाई.

त्याच्या लॅपटॉपमध्ये दोन सिस्टम आहेत. प्रिंटरचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं म्हणून विंडोज, आणि बाकी सगळ्या कामासाठी लिनक्स मिंट. मिंट मीच टाकून दिलं होतं, काही वर्षांपूर्वी. जत्रेच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला: मिंटमध्ये जागा संपत आली. मी विचारलं, "डी ड्राइव्ह रिकामाच आहे ना?" तो म्हणाला, "हो, जुनंच काहीतरी असन." मी म्हटलं, "मग विंडोजमधून उडव. ती जागा जत्रेनंतर आपण मिंटला देऊ."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, दुकान मांडून झाल्यावर, त्याला आठवलं आणि त्यानं डी उडवला. लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि मला फोन. "दादा, लॅपटॉप सुरूच नाई होऊन रायला. काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू का कायतरी लिहून येते."

पाटीवरचा सहा नंबर

आता झालं काय, ते आधी समजून घेऊ. कारण हे समजलं नाही तर पुढची प्रत्येक कमांड म्हणजे अंधारात मारलेला दगड.

लॅपटॉप जुना आहे, डिस्क ५०० जीबीची. अशा जुन्या मशीनवर पार्टिशनची यादी एमबीआर पद्धतीनं लिहिलेली असते. एमबीआर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला तुकडा, फक्त ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीसाठी, आणि उरलेले २ बाइट सही म्हणून. ६४ बाइटमध्ये चारच नोंदी बसतात. म्हणून चारपेक्षा जास्त पार्टिशन हवी असतील तर एका नोंदीची मोठी पेटी करतात, तिला एक्स्टेंडेड म्हणतात. त्या पेटीच्या आत जी पार्टिशन असतात ती लॉजिकल. लिनक्स लॉजिकल पार्टिशनना ५ पासून पुढं नंबर देतं, भले बाहेरची चार पुरी नसोत.

भावाच्या डिस्कवर असं होतं: १ आणि २ विंडोजचे, ३ म्हणजे पेटी, पेटीत ५ नंबरला डी ड्राइव्ह, ६ नंबरला मिंट, ७ नंबरला स्वॅप.

आता जत्रेचाच विचार करा. ओळीनं दुकानं लागली आहेत आणि प्रवेशावर पाटी आहे: "चहा, सहा नंबर." पाचव्या दुकानवाल्यानं गाशा गुंडाळला. जत्रा समितीनं उरलेल्यांना पुन्हा ओळीनं नंबर दिले. चहावाला जागचा हलला नाही, त्याची भट्टीही पेटलेलीच आहे, पण तो आता पाच नंबर झाला. पाटी मात्र कुणी बदलली नाही. पाटी वाचून सहाव्या दुकानात जाल तर तिथं बांगड्या.

लॉजिकल पार्टिशनचं अगदी असंच होतं. मधलं एक उडवलं की मागच्यांचे नंबर एकेकानं खाली सरकतात. मिंट सहाचं पाच झालं, स्वॅप सातचं सहा. आणि ग्रब, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर कोणती सिस्टम उघडायची ते विचारणारा प्रोग्रॅम, त्याच्या पोटात पाटी होती: "माझ्या फाइली सहा नंबरला." तो सहाला गेला, तिथं स्वॅप. स्वॅप त्याला वाचता येत नाही. म्हणून त्यानं लिहिलं "अननोन फाइलसिस्टम" आणि रेस्क्यू मोडमध्ये जाऊन बसला. सहा नंबरच उरला नसता तर त्यानं "नो सच पार्टिशन" लिहिलं असतं. म्हणजे एररचे शब्दसुद्धा काहीतरी सांगत असतात. म्हणून कुणी मदत मागितली तर पहिलं वाक्य हेच: पडद्याचा फोटो पाठव.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगतो. हेच काम मिंटमधल्या जीपार्टेडनं करायला गेलो असतो तर त्यानं थांबवलं असतं. वरच्या नंबरची लॉजिकल पार्टिशन आधी अनमाउंट करा, असं ते सांगतं. आणि सहा नंबरवर तर खुद्द चालू मिंटच बसलेलं, त्यामुळे गाडी पुढं गेलीच नसती. विंडोजनं आपलं काम बरोबर केलं. शेजारच्या लिनक्सनं कुठला नंबर कुठं लिहून ठेवलाय हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. ठाऊक मला होतं. मी विचार केला नाही.

फोनवरून चार ओळी

जत्रेच्या मैदानात संध्याकाळी नेटवर्क म्हणजे देवाची करणी. पेनड्राइव्ह त्याच्याकडे नाही, दुसरा कॉम्प्युटर नाही. मी चंद्रपुरात. पण ग्रब रेस्क्यूमध्ये अडकलेल्या माणसाकडे एक हत्यार असतंच: कीबोर्ड. मी फोनवर जसं सांगितलं तसंच इथं सांगतो. टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं.

आधी फक्त बघायचं. "एल एस" लिही, एंटर मार. ग्रब त्याला दिसणाऱ्या सगळ्या जागा कंसात दाखवतो: एचडी-शून्य, मग एचडी-शून्य स्वल्पविराम एमएसडॉस-सहा, एमएसडॉस-पाच, दोन, एक. आता एकेकाच्या आत डोकावायचं. एल एस, स्पेस, कंस सुरू, एचडी-शून्य, स्वल्पविराम, एमएसडॉस-सहा, कंस बंद, आणि शेवटी स्लॅश. स्लॅश विसरायचा नाही. सहाला उत्तर आलं, अननोन फाइलसिस्टम. घाबरायचं नाही. याचा अर्थ पार्टिशन बिघडलंय असा नसतो. या मोडमधला ग्रब अगदी अशिक्षित असतो, त्याला विंडोजचं पार्टिशनसुद्धा वाचता येत नाही. मग पाचला तेच विचारलं आणि पडद्यावर फोल्डरांची नावं उमटली: बूट, होम, ईटीसी. भाऊ ओरडलाच, "दादा, होम दिसते!" चहावाला सापडला.

मग चार ओळी.

पहिली: सेट, स्पेस, रूट, बरोबरचं चिन्ह, आणि कंसात एचडी-शून्य स्वल्पविराम एमएसडॉस-पाच.

दुसरी: सेट, स्पेस, प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह, तोच कंस, आणि त्याला चिकटून स्लॅश बूट स्लॅश ग्रब.

तिसरी: इन्समॉड, स्पेस, नॉर्मल.

चौथी: नुसतं नॉर्मल.

दुसरी ओळ म्हणजे पाटी बदलणं. तिसरी म्हणजे अशिक्षित ग्रबला त्याच्या फाइलींतून शहाणं करणं. चौथीनं नेहमीचा मेनू येतो. आला. मिंट वर, विंडोज खाली.

मिंट निवडलं. दीड मिनिट काहीच नाही, आणि मग "इमर्जन्सी मोड". ही माझी दुसरी चूक. मिंटमध्ये ईटीसी फोल्डरात एफएसटॅब नावाची फाइल असते. सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची ती यादी. डी ड्राइव्ह आपोआप जोडला जावा म्हणून मी कधीकाळी त्यात एक ओळ घातली होती. आता डीच नाही. मिंट ९० सेकंद त्याची वाट बघतं आणि मग म्हणतं, मालक, काहीतरी गडबड आहे, तुम्हीच बघा.

मी म्हटलं, मिंट राहू दे. मेनूतून विंडोज उघड, प्रिंटर चालतो का बघ. चाललं. ती चार ओळींची कमांड पाटीवर कायमची लिहिली जात नाही, प्रत्येक वेळी मशीन सुरू करताना पुन्हा टाकावी लागते. त्यानं एका फसलेल्या प्रिंटच्या मागच्या बाजूला बॉलपेननं चारी ओळी उतरवून घेतल्या आणि प्रिंटरला चिकटवल्या. उद्याची जत्रा वाचली. मी खूश.

"दादा, एक सांगाचं राहिलं"

रात्री अकराला पुन्हा फोन. आवाज बदललेला. "दादा, एक सांगाचं राहिलं. डी मधी लग्नाचे फोटो होते."

जवळच्याच गावातलं लग्न. अल्बमचे पैसे बाकी, म्हणून फोटो अजून दिलेले नव्हते. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या कामासाठी पुसून झालेलं. दुसरी कॉपी कुठंच नाही. आणि लग्नानंतर महिन्याभरात नवरीचे आजोबा गेले. त्यांचा चांगला असा फोटो त्या लग्नातलाच. घरचे लोक जत्रेला येणार होते आणि तो फोटो मोठा करून नेणार होते. भावाला ते फोल्डर डीमध्ये टाकल्याचं आठवलंच नव्हतं.

त्याची चूक किती आणि माझी किती, हे मी त्या रात्री बराच वेळ मोजत बसलो. "रिकामा आहे ना?" हा प्रश्न नव्हताच. "हो" म्हणवून घेणारा प्रश्न होता तो. मी म्हणायला हवं होतं, "डी उघड आणि आत काय दिसतंय त्याचा फोटो पाठव." दहा सेकंदांचं काम.

पण त्या क्षणी मी त्याला एवढंच सांगितलं: "ऐक, फोटो अजून तिथंच आहेत. फक्त तिथं काही लिहू नको. विंडोज त्या मोकळ्या जागेत नवीन व्हॉल्यूम करायचा पर्याय दाखवेल, फॉरमॅट करायचं का विचारेल. हात लावू नको. उद्या छपाई कर, बाकी काही नाही."

हे मी धीर देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पार्टिशन उडवणं म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद खोडणं. नोंद खोडली म्हणून शेत नाहीसं होत नाही, उभं पीकही जळत नाही. यादीतले मोजके बाइट पुसले जातात, फोटोंचे जीबी तिथंच पडून असतात. धोका पुढं असतो. मोकळी जमीन समजून दुसऱ्या कुणी नांगर फिरवला की मग पीक गेलं. नवीन पार्टिशन करून फॉरमॅट करणं म्हणजे नांगर. त्या जागेत लिनक्स पसरवणं म्हणजे नांगर. वैतागून सगळं पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे तर ट्रॅक्टरच. आणि एसएसडी असेल तर जास्त सांभाळायचं, कारण तिथं फॉरमॅट करताना विंडोज ड्राइव्हला सांगू शकतं की हे ब्लॉक आता नकोत, आणि मग ड्राइव्ह ते खरंच रिकामे करतो. भावाची जुनी हार्ड डिस्क होती, आणि त्यानं पुढचं काही केलं नव्हतं.

हरणघाटाच्या पुलापलीकडे

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरहून मूल, तिथून हरणघाटाचा पूल ओलांडून चामोर्शी आणि मग मार्कंडा, असा गर्दीतून पोचलो. खिशात दोन वस्तू: सिस्टमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह आणि एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क. सिस्टमरेस्क्यू ही पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स आहे, लॅपटॉपच्या डिस्कला न धरता. त्यात दुरुस्तीची हत्यारं आधीच भरलेली असतात. जीपार्टेडचा लाइव्ह पेनड्राइव्हही चालतो.

तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नसेल तर? अँड्रॉइड फोनवर एचड्रॉइड नावाचं अॅप आहे. फोनवर आयएसओ फाइल डाउनलोड करायची, ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह जोडायचा, आणि अॅप तो बूट होणारा पेनड्राइव्ह बनवून देतं. फोन रूट करायची गरज नाही. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जातं, तेवढं लक्षात ठेवा. आणि हे काम नेटवर्क चांगलं असताना, आज घरीच करून ठेवा. जत्रेत आयएसओ उतरत नसते.

दुपारी गर्दी थोडी ओसरली तेव्हा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि टेस्टडिस्क उघडलं. ख्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच माणसानं लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि मुक्त आहे. दिसायला अगदी जुनाट: काळा पडदा, बाणाच्या किल्ल्या, एंटर. क्रम असा. डिस्क निवडा. पार्टिशन यादीचा प्रकार विचारतो, तो बहुतेक वेळा स्वतःच बरोबर ओळखतो, जुन्या मशीनला इंटेल. मग अनलाइज. मग क्विक सर्च. तो डिस्कवर फिरून पार्टिशनच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. यादीत नसलेलं पार्टिशनही खुणेवरून सापडतं.

सापडलं. डी ड्राइव्ह, जुन्याच जागी, जुन्याच आकाराचा. त्यावर बाण आणून पी दाबलं की आतल्या फाइली दिसतात. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. लग्नाचं फोल्डर होतं. आत फोटो होते.

इथं बरेच जण घाई करतात. फाइली दिसल्या, म्हणून लगेच पार्टिशन परत लिहायला जातात. आम्ही आधी ते फोल्डर टेस्टडिस्कमधूनच एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं. त्यासाठी फोल्डरवर बाण ठेवून सी दाबायचं आणि जागा निवडायची. मग ती डिस्क भावाच्या फोनला जोडून चार-पाच फोटो उघडून पाहिले. आजोबांचा फोटो उघडला. फेटा बांधलेला, हातात अक्षता. भाऊ काही बोलला नाही, चहा सांगायला गेला.

त्यानंतर दुसरा प्रश्न: आता बूटचं काय? माझ्या डोक्यात आधी होतं, ग्रब पुन्हा बसवू, एफएसटॅबमधली ओळ काढू. पण थांबून विचार केला. मुळात बदललं काय? एकच गोष्ट: पाच नंबर गेला. तो परत आला तर? मिंट पुन्हा सहा, स्वॅप पुन्हा सात. ग्रबची जुनी पाटी पुन्हा खरी. एफएसटॅबला हवा असलेला डीही हजर, कारण एफएसटॅब नंबर बघत नाही, यूयूआयडी बघते. यूयूआयडी म्हणजे पार्टिशनच्या फाइलसिस्टमचा आधार नंबर. जागा सरकली, आकार बदलला, तरी तो तोच राहतो. नव्यानं फॉरमॅट केलं तरच बदलतो. आणि डी फॉरमॅट झालेला नव्हता.

टेस्टडिस्कमध्ये यादी नीट तपासली. हे फार महत्त्वाचं, कारण राइट म्हटल्यावर तो सगळी यादी नव्यानं लिहितो. विंडोजची दोन दिसतात का, मिंट दिसतं का, स्वॅप दिसतं का, पेटीतली तिन्ही लॉजिकल म्हणून नोंदली आहेत का. एकही कमी असेल तर राइट नाही. सगळी होती. राइट, वाय, रिस्टार्ट.

मेनू आला. न विचारता. मिंट उघडलं, डीसकट. ग्रबला आम्ही बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तुमची मशीन कुठं थांबली?

आमच्याकडे उलटं फिरणं शक्य होतं. तुमच्याकडे नसेल कदाचित. म्हणून आधी हे ओळखा की गाडी कोणत्या थांब्यावर अडली. मशीन सुरू होणं म्हणजे चंद्रपूरहून मार्कंड्याला येणं. मूलला अडलात की चामोर्शीला, त्यावर उपाय ठरतो.

पहिला थांबा, मशीनचं स्वतःचं फर्मवेअर. "नो बूटेबल डिव्हाइस" येतं किंवा ग्रब न दिसता थेट विंडोज उघडतं. नव्या लॅपटॉपवर, म्हणजे २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यानंतरच्या बहुतेक मशीनवर, यूईएफआय आणि जीपीटी असतं. जीपीटीमध्ये एक चांगली गोष्ट आहे: पेटी नाही, त्यामुळे मधलं पार्टिशन उडवल्यानं बाकीच्यांचे नंबर सरकत नाहीत. यादीची दुसरी प्रतही डिस्कच्या शेवटी असते. पण एक छोटं पार्टिशन असतं, काहीशे एमबीचं, त्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन म्हणतात. सगळ्या सिस्टमची सुरुवात त्यातून होते. "हे काय फालतू १०० एमबीचं" म्हणून ते उडवू नका. थेट विंडोज उघडत असेल तर आधी फर्मवेअरच्या बूट मेनूत लिनक्सचं नाव आहे का बघा. कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९, एफ२ अशी किल्ली असते. कित्येकदा फक्त क्रम बदललेला असतो. आणि विंडोजवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवूनच फर्मवेअरला हात लावा.

दुसरा थांबा, ग्रब. त्याचं रामायण झालं सांगून. मेनूतून लिनक्समध्ये एकदा शिरलात की आतून दोन कमांड, दोन्ही सुडोनं: ग्रब-इन्स्टॉल आणि त्यापुढं डिस्कचं नाव, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए. मग अपडेट-ग्रब. जुन्या एमबीआर मशीनवर इथं अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, पुढं पाच-सहा नंबर लावायचा नाही. मेनूपर्यंतही पोचत नसाल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्सचं पार्टिशन जोडून, सीएचरूट करून हेच काम करतात.

तिसरा थांबा, इनिटरॅमएफएस. मेनू येतो, लिनक्स निवडता, आणि "यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट" असं लिहून एक छोटा प्रॉम्प्ट येतो. म्हणजे कर्नल आला, पण मुख्य पार्टिशन सापडेना. ते फॉरमॅट झालं किंवा उडालं असावं. इथं "बीएलकेआयडी" लिहून कोणते यूयूआयडी खरंच हजर आहेत ते बघा. फक्त स्वॅप पुन्हा बनवलं असेल तर बहुतेक वेळा एवढंच होतं की मशीन थोडा वेळ थांबून मग सुरू होते.

चौथा थांबा, इमर्जन्सी मोड. आता तुम्ही जवळजवळ घरी आहात. मिंट, उबुंटूमध्ये एंटर मारलं की आत शिरता येतं. नॅनोनं एफएसटॅब उघडा, ज्या पार्टिशनचा पत्ता उरला नाही त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. ओळ पुसू नका, नुसती झाका. सेव्ह करा, रिस्टार्ट करा. फाइल सेव्ह होत नसेल तर आधी माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश. आणि डेटाच्या पार्टिशनसाठी एफएसटॅबमध्ये कायम "नोफेल" हा शब्द घाला. मग ते नसलं तरी सिस्टम अडून बसत नाही. मी तो घातला असता तर त्या संध्याकाळी मिंट तरी उघडलं असतं.

उडवण्याआधी

जत्रेनंतरच्या रविवारी आम्ही तेच काम पुन्हा केलं, या वेळी क्रमानं. डीमधलं सगळं बाहेर घेतलं आणि उघडून तपासलं. मिंट चालू असतानाच एफएसटॅबमधली डीची ओळ झाकली. एसएफडिस्क, स्पेस, डॅश डी, स्पेस, डिस्कचं नाव, या कमांडनं पार्टिशनची यादी साध्या मजकुरात निघते. ती फाइल त्याच लॅपटॉपवर न ठेवता फोनवर पाठवली. एलएसबीएलके डॅश एफचा पडदा मोबाइलनं टिपला, कारण त्यात नाव, फाइलसिस्टम, यूयूआयडी सगळं एका नजरेत असतं. मग पेनड्राइव्हवरून जीपार्टेडनं डी उडवला आणि मिंटला जागा दिली. तेवढ्यात लाइटचा भरोसा नाही म्हणून चार्जर आणि भरलेली बॅटरी दोन्ही. रिस्टार्ट केल्यावर अपेक्षेप्रमाणे ग्रब रेस्क्यू आलं. भावानं प्रिंटरवरचा कागद बघून स्वतःच चार ओळी टाकल्या, आत शिरून ग्रब-इन्स्टॉल केलं. मी फक्त शेजारी बसलो होतो.

जुनं दगडी देऊळ दुरुस्तीसाठी उतरवतात तेव्हा दगड हलवण्याआधी त्यावर नंबर टाकतात, नकाशा काढतात. डिस्कलाही तेवढाच मान द्या. आणि काही बिघडलंच तर इंटरनेटवरची पहिली कमांड मारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी शेवटचं काय बदललं, आणि ते उलटं करता येईल का? त्या रात्री मी घाईनं ग्रब "दुरुस्त" करून, मोकळ्या जागेत मिंट पसरवून मोकळा झालो असतो, तर लॅपटॉप मस्त चालू झाला असता. आजोबांचा फोटो गेला असता, आणि आम्ही त्याला यश म्हटलं असतं.

ते लोक संध्याकाळी आले. भावानं फोटो मोठा करून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. यमाच्या हातून सुटलेल्या मार्कंडेयाचं गाव आहे, एवढं चालतं इथं.

तुमच्याकडे कुठली मशीन अडली असेल तर पडद्याचा फोटो काढा, एरर शब्दाला शब्द लिहून घ्या, आणि तोवर डिस्कवर काही लिहू नका. पुढच्या भागात भेटू. तोवर बॅकअप घ्या. आणि घेतलेला उघडून बघा.